मांजर सोफ्यावर शू करतंय?

घरातलं मांजर एकाएकी सोफ्यावर किंवा गादीवर शू करू लागलं, तर आधी पशुवैद्यांना दाखवा. मूत्राशयाचा दाह, खडे, मधुमेह ही नेहमीची कारणं. बोका सारखा जोर करतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

तब्येत ठीक असेल तर डागाकडे वळा. साबणानं धुतल्यावर आपल्याला वास येत नाही, पण मांजराला येतो आणि ते पुन्हा तिथेच बसतं. पेट शॉपमध्ये मिळणारं एन्झाइम क्लीनर फोमच्या आतपर्यंत मुरू द्या, मग वाळवा. फिनाईल अजिबात नको, मांजरांसाठी ते विषारी आहे. ओरडू-मारूही नका, घाबरलेलं मांजर लपून करायला लागतं.

लिटर बॉक्स (मांजराच्या शी-शूचा ट्रे) रोज साफ हवा, शांत कोपऱ्यात, जेवणाच्या वाटीपासून लांब. मांजरं दोन असतील तर बॉक्स तीन. आणि बोका शेपटी ताठ करून उभ्यानं पडद्यावर फवारे मारत असेल, तर नसबंदी करून घ्या; बहुतेक बोक्यांची ही सवय त्यानं सुटते किंवा कमी होते.