जीएसटी बिलाचा क्रमांक: सोळा जागांचं गणित

सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) नियम 46 प्रमाणे बिलाचा क्रमांक सलग हवा, त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा हवा आणि जास्तीत जास्त 16 चिन्हांचा हवा. अक्षरं, आकडे, आडवी आणि तिरपी रेघ, एवढंच चालतं. तीन अक्षरं, तिरपी रेघ, 2025-26, पुन्हा तिरपी रेघ आणि पाच आकडे ही लोकप्रिय रचना मोजून पाहा: 17 भरतात! वर्ष 25-26 असं लिहिलं की 15. ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) काढत असाल तर सुरुवात शून्याने किंवा रेघेने करू नका, पोर्टल नाकारतं. शाखांना वेगळी मालिका चालते.

खरा घोळ बिल डिलीट केल्यावर होतो. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये क्रमांक आपोआप पडत असतील आणि ‘रिनंबर’ (नव्याने क्रमांक द्या) निवडलेलं असेल, तर पुढच्या सगळ्या बिलांचे क्रमांक सरकतात. ग्राहकाकडची छापील प्रत आणि तुमची वही जुळत नाही. म्हणून ‘रिटेन ओरिजिनल’ (मूळ क्रमांक कायम) ठेवा, बिल डिलीट न करता कॅन्सल करा आणि जीएसटीआर-1 या विक्रीच्या विवरणपत्राच्या तक्ता 13 मध्ये रद्द बिलांची संख्या दाखवा. संगणकावरच्या हिशोबात बदललेल्या, खोडलेल्या प्रत्येक नोंदीचा लॉग (बदलांची नोंद) सीजीएसटी नियम 56 मागतोच. हाताने लिहिलेल्या वह्या असतील तर प्रत्येक वहीला अनुक्रमांक घाला.