लिलावात जुनी गाडी घ्यायची असेल तर आधी आरसी बघा, मग बॉनेट उघडा

मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव बघितलाय ना? व्यापारी ढिगात हात घालतो, दोन कांदे दाबून बघतो, बोली सुरू झाली की मिनिटाभरात सगळे पुढच्या ढिगावर. जुन्या गाड्यांचा लिलाव पण त्याच जातीचा. फरक एवढाच की कांदा खराब निघाला तर एका दिवसाचं नुकसान, गाडी खराब निघाली तर ती वर्षभर दारात उभी आणि घरचे येता-जाता तिच्याकडं बघून तुमच्याकडं बघणार.

पेपरात येतात ते आकडे डोक्यातून काढून टाका. २०२२ च्या मे महिन्यात मर्सिडीजची एक १९५५ ची कूपे साडेतेरा कोटी युरोला गेली, ते जग वेगळं. आपण बोलतोय पद्मिनी, अँबेसिडर, कॉन्टेसा, एखादी जुनी जीप यांच्याबद्दल. त्यासाठी आपल्या सोलापूरहून पुण्या-मुंबईला जायचं किंवा ऑनलाइन बोली लावायची.

आता सगळ्यात मोठा सापळा आधीच सांगतो. सरकारी खात्याच्या भंगार लिलावात अँबेसिडर आणि जीप फार स्वस्तात दिसतात आणि आपल्याला वाटतं लॉटरी लागली. पण १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांचं रजिस्ट्रेशन रिन्यू होत नाही, त्या स्क्रॅप सेंटरलाच जायच्या असतात. म्हणजे गाडी मिळाली तरी आरसी मिळणार नाही, दारात ठेवून फुलं वाहायची. लिलावाच्या अटीत स्क्रॅप हा शब्द दिसला की पान उलटा.

खाजगी गाडीचं पण आधी कागदच. लॉट नंबर, म्हणजे लिलावाच्या यादीतला गाडीचा क्रमांक कळला की आरसीचा फोटो मागवा आणि एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघा, फिटनेस कधीपर्यंत आहे, कर्जाचा बोजा आहे का, चलनं किती. जुन्या पुस्तकवाल्या आरसी बऱ्याचदा ऑनलाइन सापडतच नाहीत, तेव्हा मूळ आरटीओत बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन चढवून घ्यावी लागते आणि ते काम लिलावाआधी विकणाऱ्याच्या गळ्यात मारायचं, नंतर तो फोन उचलत नाही. गाडी बाहेरच्या आरटीओची असेल तर आपल्या एमएच-१३ ला आणायला एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि फॉर्म ३० सह्या करून हातात पाहिजेत. माझ्या पहिल्या पद्मिनीच्या आरसीवर इंजिन नंबरचा एकच आकडा चुकलेला होता, मी बघितलाच नाही, कारण मी क्रोम बंपर बघत होतो. त्या एका आकड्यापायी चार महिने हेलपाटे घातलेत राव.

मग येतो प्रिव्ह्यूचा, म्हणजे लिलावाआधी गाड्या बघायचा दिवस. हा चुकवू नका, आणि एकटे जाऊ नका. मी आमच्या मिस्त्रींना हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला नेतो, तिकीट माझं, चहा-नाष्टा माझा आणि दिवसाचा रोज पण देतो. ते गाडीकडं समोरून बघतच नाहीत. थेट गुडघ्यावर बसून टॉर्च घालतात खाली, आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं दाराखालच्या पट्टीवर ठोकत जातात. टण, टण, टण, आणि मग एके ठिकाणी ढप. मग माझ्याकडं बघून म्हणतात, हितं पत्रा नाही, हितं लांबी हाय. लांबी म्हणजे पुट्टी. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक खिशात ठेवा, ते पण हेच सांगतं, पुट्टीवर चिकटत नाही. पद्मिनी काय आणि अँबेसिडर काय, दोन्हीला वेगळी चेसिस फ्रेम नसते, बॉडीच सगळा भार घेते, त्यामुळं फ्लोर सडला की गाडीच सडली. मुंबईच्या खाऱ्या हवेतली गाडी असेल तर डबल बघा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो पण उन्हानं रबरं आणि डॅशबोर्ड तडकतात, ते चालतं, रबर नवं मिळतं.

चालवायला बहुतेक देत नाहीत, फक्त स्टार्ट करून दाखवतात. त्याआधी बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर कुणीतरी आधीच चालू करून ठेवलंय, म्हणजे थंड इंजिन स्टार्ट व्हायला त्रास आहे. ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखं पांढरट दिसलं तर पाणी शिरलंय. मागून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, खर्च धरा.

आता पैसे. बोलीची रक्कम म्हणजे किंमत नाही हे पक्कं समजा. समजा ४ लाखाला हातोडा पडला आणि बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलाववाला घेणाऱ्याकडून घेतो ते कमिशन, १५ टक्के आहे, तर ६०,००० वर, त्या प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी १०,८००, झाले ४,७०,८००. मग गाडी वाहून आणणाऱ्या फ्लॅटबेड ट्रकचं भाडं, इन्शुरन्स, टायर, बॅटरी. रजिस्ट्रेशन रिन्यूअलला पण २०२५ च्या ऑगस्टपासून २० वर्षांवरच्या कारला १०,००० फी झालीये. म्हणून उलटं गणित करा, खिशात एकूण किती ते लिहा, हे सगळं वजा करा, उरेल तो बोलीचा आकडा. तो चिठ्ठीवर लिहून शर्टच्या खिशात. समोरचा पांढऱ्या टोपीवाला बोली वाढवतोय म्हणून आपण वाढवायची नाही, त्याला पण काही कळत नसतं, मी दोनदा बघितलंय. ऑनलाइनला शेवटच्या मिनिटात बोली आली की वेळ वाढतो, तेव्हा तर मोबाईल लांब ठेवा. अनामत रक्कम परत कधी मिळणार आणि गाडी किती दिवसात उचलायची हे आधीच वाचा, उशीर झाला की पार्किंग भाडं लागतं.

एक प्रश्न सगळे विचारतात, ५० वर्षांवरच्या गाडीला नंबरात व्हीए अक्षरं असलेली व्हिंटेज पाटी घ्यावी का. २०२१ च्या नियमानुसार २०,००० भरून १० वर्षांचं रजिस्ट्रेशन मिळतं, पण मग ती रोज चालवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला एवढंच. ज्याला रविवारी घरच्यांना घेऊन अक्कलकोटला जायचंय त्यानं साधं रजिस्ट्रेशनच चालू ठेवावं असं माझं मत.

गाडी जिंकली तरी चालवत आणू नका. बरीच वर्षं उभी असलेली गाडी आणि मे महिन्यातला टेंभुर्णी-मोहोळचा रस्ता, टोइंग परत शोधत बसाल. फ्लॅटबेडवर चढवण्याआधी चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, ओडोमीटरसकट. घरी आली की पहिलं काम पेट्रोलची टाकी रिकामी करून सगळे होज पाइप बदलणं, जुनं रबर आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला टिकत नाही. आमचे मिस्त्री टाकीचं झाकण उघडून नुसता वास घेतात आणि सांगतात किती वर्षं उभी होती. परवाच्या कॉन्टेसाला म्हणाले, सात. विकणाऱ्यानं सांगितलं होतं दीड.