पोर्ट ५०२ साठी रूट कशाला? सी मधून फाइलला एकच अधिकार कसा द्यावा

ठाणे-बेलापूर पट्ट्यात, रबाळे-महापेकडच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना मॉडबस, म्हणजे कारखान्यातली यंत्रं ज्यातून एकमेकांशी बोलतात तो प्रोटोकॉल, नवा नाही. टीसीपीवर त्याचं ठरलेलं पोर्ट ५०२. लिनक्सवर १०२४ च्या खालचं पोर्ट साध्या युजरला एरवी उघडता येत नाही, म्हणून सर्रास अख्खा सर्व्हर सुडो लावून, म्हणजे रूट या सर्वाधिकारी युजरच्या नावाने, चालवतात. मला हे अजिबात पटत नाही. बाहेरून येणारं प्रत्येक पॅकेट जो प्रोग्रॅम वाचतो, त्याच्याच हाती मशीनवरची हवी ती फाइल पुसायची मुभा कशाला द्यायची?

रूटच्या अधिकारांचे लिनक्सने वेगवेगळे तुकडे केलेत, त्यांना कॅपेबिलिटी म्हणतात. २००८ साली आलेल्या २.६.२४ कर्नलपासून त्या थेट फाइलला जोडता येतात. आपल्याला हवी ती फक्त एक, १०२४ च्या खालचं पोर्ट उघडू देणारी: कॅप_नेट_बाइंड_सर्व्हिस.

आधी लायब्ररी घाला. उबंटूवर पॅकेजचं नाव लिबकॅप-डेव्ह, फेडोरावर लिबकॅप-डेव्हेल. कोडमध्ये 'सिस/कॅपेबिलिटी.एच' हेडर घ्या आणि कंपाइल करताना '-एलकॅप' सोर्स फाइलच्या नावानंतर लिहा.

सुरुवात वाचण्यापासून करा. कॅप_गेट_फाइल() ला फाइलचा पाथ दिला की ते कॅप_टी, म्हणजे कॅपेबिलिटींचा संच, परत देतं. नल आलं तर लगेच घाबरू नका, एररनो बघा: ईनोडेटा असेल तर त्या फाइलला कुठलीही कॅपेबिलिटी जोडलेली नाही, इतकंच. काही मिळालं तर कॅप_टू_टेक्स्ट() त्याचा वाचता येईल असा मजकूर करून देतं. कॅप_टी आणि हा मजकूर, दोन्ही कॅप_फ्री() ने मोकळे करायचे. हा मजकूर स्ट्रिंग म्हणून ताडून पाहू नका. जुन्या-नव्या लिबकॅपमध्ये तो वेगळ्या धाटणीत छापला जातो. तपासायचं तर कॅप_गेट_फ्लॅग() वापरा.

आता द्यायचं. कॅप_इनिट() ने रिकामा कॅप_टी घ्या. कॅप_सेट_फ्लॅग() ने त्यात आपली कॅपेबिलिटी आधी परमिटेडमध्ये (वापरायची मुभा) आणि मग इफेक्टिव्हमध्ये (प्रत्यक्ष चालू) कॅप_सेट करा. शेवटी कॅप_सेट_फाइल(पाथ, कॅप) बोलवा. शून्य आलं तर झालं. उणे एक आणि एररनोमध्ये ईपर्म आलं तर हा छोटा प्रोग्रॅम तुम्ही सुडोशिवाय चालवलाय. त्याच्यापाशी स्वतःची कॅप_सेटएफकॅप, म्हणजे फाइलला कॅपेबिलिटी जोडू देणारी कॅपेबिलिटी, असावी लागते.

इफेक्टिव्ह फाइलवर एकाच बिटात साठवलं जातं. त्यामुळे दोन कॅपेबिलिटी परमिटेडमध्ये आणि त्यातली एकच इफेक्टिव्हमध्ये, असं चालत नाही, ईइन्व्हल येतं. सर्व्हरचा कोड तुमचाच असेल तर फक्त परमिटेड द्या. पोर्ट बाइंड करण्यापुरती, म्हणजे ताब्यात घेण्यापुरती, सर्व्हरमधूनच कॅप_सेट_प्रॉक() ने ती चालू करा आणि काम झालं की टाकून द्या. मला हीच पद्धत जास्त सुरक्षित वाटते. तयार सर्व्हर असेल, ज्याला कॅपेबिलिटीची गंधवार्ता नाही, त्याला मात्र दोन्ही लागतात.

कॅप_फ्रॉम_टेक्स्ट("कॅप_नेट_बाइंड_सर्व्हिस=ईपी") असंही एका ओळीत भागतं; ई म्हणजे इफेक्टिव्ह, पी म्हणजे परमिटेड. पण नाव गाळून नुसतं "=ईपी" लिहिलंत तर फाइलला झाडून सगळे अधिकार मिळतात. तिथे दोनदा बघा.

सगळ्यात जास्त वेळ कशात जातो सांगतो: काल चालणारा सर्व्हर आज 'परमिशन डिनाइड' म्हणतो. बहुतेक वेळा मधे कोणीतरी पुन्हा बिल्ड केलेलं असतं. कॅपेबिलिटी फाइलच्या 'सिक्युरिटी.कॅपेबिलिटी' या एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूटमध्ये असते, आणि फाइलवर काही लिहिलं गेलं की कर्नल ती काढून टाकतो. मालक बदलला तरी जाते. साध्या सीपीने केलेल्या प्रतीतही ती येत नाही. म्हणून अधिकार देणं ही इन्स्टॉलची अगदी शेवटची पायरी ठेवा, आणि त्यानंतर कॅप_गेट_फाइल() ने परत वाचून खात्री करा.

वाचून सगळं ठीक दिसतंय, तरी पोर्ट उघडत नाही? फाइल ज्या माउंटवर आहे, त्याला नोसूइड हा पर्याय लावलाय का बघा. तिथे कर्नल फाइलच्या कॅपेबिलिटी मानतच नाही. अधिकार काढून घ्यायचा असेल तर कॅप_सेट_फाइल() ला दुसऱ्या जागी नल द्या.