किट विमानाचे धातूचे पंख घरी जोडताना या चुका टाळा

आजकालच्या बहुतेक धातूच्या किटमध्ये पत्रे, रिब (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या) आणि स्पार (पंखाच्या लांबीभर जाणारी तुळई) भोकं पाडूनच येतात. भोकाला भोक जुळलं की पंखाचा आकार जवळपास आपोआप बरोबर बसतो. त्यामुळे घरी होणाऱ्या चुका आकाराच्या कमी आणि भोकांच्या जास्त. एकेका भोकावरून चार-पाच वेळा हात फिरतो: ड्रिल, बर (भोकाच्या कडेला उठलेली धारदार कुसं) काढणं, डिंपल (रिव्हेटचं डोकं पत्र्याच्या पातळीत बसावं म्हणून भोकाभोवती दाबून पाडलेला खळगा), प्रायमर (गंजरोधक थर), रिव्हेट (पत्रे जोडणारा, टोक ठोकून फुलवायचा खिळा). रिव्हेट वाकडं बसलं की माणूस रिव्हेट ठोकणाऱ्या हवेच्या गनला दोष देतो, पण चूक बहुधा दोन पायऱ्या आधीच होऊन गेलेली असते.

दोन्ही पंख डावे

ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण डाव्या आणि उजव्या पंखाच्या रिब टेबलावर पसरल्या की एकसारख्या दिसतात. फरक असतो तो फक्त कडेची घडी कोणत्या बाजूला वळली आहे याचा. ड्रिल करेपर्यंत गोंधळ झाला तरी निभावतं. डिंपल किंवा काउंटरसिंक (रिव्हेटच्या डोक्यासाठी कटरने कापलेला खळगा) चुकीच्या बाजूने झालं की तो भाग बाद. उलटं पडलेलं डिंपल ठोकून सपाट करून दुसऱ्या बाजूने पाडलं तर भोकाच्या कडेला भेग जाते, आणि ती लगेच दिसेलच असं नाही.

उपाय साधा आहे. दोन्ही पंखांचे भाग आरशातल्या प्रतिबिंबासारखे समोरासमोर मांडा, प्रत्येकावर ‘डावा-वर-पुढे’ असं लिहा, आणि स्पारच्या ज्या बाजूला काउंटरसिंक करायचं तिथे भोकाभोवती गोल करून मगच यंत्र हातात घ्या. लिहायला बारीक टोकाचा मार्कर वापरा. शिसपेन्सिल नको, कारण ग्रॅफाइट ॲल्युमिनियमला लागून राहिलं आणि ओल मिळाली की तिथे गंज सुरू होतो. सुईने किंवा टोकदार पोलादाने रेघ ओढणं तर त्याहून वाईट. ती रेघ म्हणजे पुढे भेग पडायला तयार जागा.

भोक बिघडतं कसं

पंखाच्या पत्र्याला लागणारं सपाट डोक्याचं रिव्हेट बहुतेक ठिकाणी एएन426एडी3, म्हणजे 3/32 इंच (2.38 मिमी) जाडीचं असतं. त्याला 40 नंबरचं ड्रिल, म्हणजे 2.49 मिमी. एडी4 म्हणजे 1/8 इंच, त्याला 30 नंबर, 3.26 मिमी. नंबरी बिट नाही म्हणून 3.2 मिमीचं बिट लावलं तर एडी4 अडकत जातं, मग माणूस ते ठोकून आत घालतो आणि भोकाची कड फाटते. नंबरी बिटच घ्या, भरपूर घ्या, आणि धार गेली की टाकून द्या. बोथट बिटवर जोर देताना हात तिरका होतो आणि भोक लांबट होतं. भोक फक्त थोडंसं मोठं करायचं असेल तर ड्रिलपेक्षा रीमर बरा, तो गोल भोक देतो.

भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंतचं अंतर रिव्हेटच्या जाडीच्या किमान दुप्पट हवं. तयार भोकांत हे आधीच सांभाळलेलं असतं. स्वतः कंस किंवा पट्टी बनवताना मात्र ते हमखास विसरतं.

बर काढताना दोन्ही टोकांच्या चुका होतात. अजिबात न काढणं ही एक, पण नवख्यांची जास्त आढळणारी चूक म्हणजे जास्त काढणं. 0.025 इंच, म्हणजे जेमतेम 0.6 मिमी जाडीचा पत्रा, त्यात बर काढायचं हत्यार जोर लावून पाच-सहा वेळा फिरवलं की तो काउंटरसिंकच झाला. हलक्या हाताने दोन फेरे पुरतात. बोटाच्या टोकाला काही टोचलं नाही की थांबा. पत्र्याच्या कापलेल्या कडाही कानशीने आणि मग घासणीने गुळगुळीत करा. भेगा तिथूनही सुरू होतात.

पत्र्यावरची निळी फिल्म ओरखड्यांपासून वाचवते म्हणून ती महिनोन् महिने ठेवायचा मोह होतो. तिच्याखाली ओल शिरली की पांढरट डाग पडतात आणि शुद्ध ॲल्युमिनियमचा वरचा पातळ थर खाल्ला जातो. रिव्हेटच्या ओळींवरची पट्टी लगेच काढा, बाकीचीही फार रेंगाळू देऊ नका. ती कापायला ब्लेड नको. टोक घासून गोल केलेला सोल्डरिंग आयर्न पट्टीच्या कडेने फिरवला की फिल्म वितळून सुटते, पत्र्यावर रेघ उठत नाही.

डिंपल कुठे, काउंटरसिंक कुठे

एडी3 साठी किमान 0.032 इंच, म्हणजे 0.8 मिमी जाडी असेल तरच यंत्राने काउंटरसिंक करावं. त्याहून पातळ पत्र्यात डोक्याचा खळगा आरपार जातो, भोक रुंद होतं, कड सुरीसारखी उरते आणि विमान चालू लागल्यावर रिव्हेट त्यात हलू लागतं. पातळ पत्र्याला डिंपलच.

डिंपल केलेला पत्रा जाड स्पारवर बसवायचा असेल तर खालचा काउंटरसिंक रिव्हेटचं डोकं सपाट बसण्यापुरता करून चालत नाही. वरच्या डिंपलची पाठ त्यात बसायची असते, म्हणून तो साधारण 0.18 मिमी जास्त खोल हवा. मोजत बसण्यापेक्षा टाकाऊ पत्र्याच्या तुकड्यात डिंपल पाडून घ्या आणि प्रत्येक काही भोकांनंतर तो ठेवून बघा. तुकडा डुगडुगला तर खोली कमी आहे. स्क्रूसाठी नटप्लेट (मागून पक्का बसवलेला नट) असलेल्या जागी आधी नटप्लेट रिव्हेट करा, मग काउंटरसिंक. मोठ्या खळग्यात मूळ भोक निघून जातं आणि कटरला मधोमध धरणारं काहीच उरत नाही. नटप्लेट ते काम करते.

डिंपलची सगळ्यात महाग चूक एका फटक्यात होते: डायचं (डिंपल पाडणाऱ्या साच्याचं) टोक भोकात गेलंय असं समजून हातोडा मारला जातो आणि भोकाच्या शेजारी दुसरं भोक पडतं. मोठा पत्रा टेबलावरून लोंबकळत असेल, प्रकाश डोळ्यावर येत असेल, तेव्हा हे होतं. पत्र्याखाली सगळीकडे एकाच उंचीचा आधार द्या आणि प्रत्येक वेळी पत्रा किंचित हलवून बघा. तो टोकाला अडला पाहिजे.

अर्धवट डिंपलही ओळखता येतं. पत्र्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. भोकाभोवती मोठी, सैल बशी दिसली तर फटका कमी पडला. चांगल्या डिंपलची कड स्पष्ट वर्तुळासारखी उठते आणि बाहेरचा पत्रा सपाट राहतो.

रिब सरळ केल्याशिवाय क्लेको लावू नका

साच्यात दाबलेल्या रिबची घडी क्वचितच नेमकी 90 अंशांत असते, आणि वळणदार कडेमुळे रिब केळ्यासारखी थोडी वाकलेलीही असते. क्लेकोंनी (भोकांतून भाग तात्पुरते धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या चिमट्यांनी) ओढून ती पत्र्याला चिकटते खरी, पण तो ताण पत्र्यात जातो आणि दोन रिबच्या मधला पत्रा दाबला की डब्याच्या झाकणासारखा टकटक वाजतो. गुण्या लावून घडी आधी 90 अंशांवर आणा. मग फ्लूटिंगच्या पक्कडीने दोन भोकांच्या मधोमध छोट्या चुण्या पाडा, भोकांची ओळ पट्टीला लागेपर्यंत. चुणी भोकावर पडली तर तिथे रिव्हेट कधीच नीट बसणार नाही.

पीळ

तयार भोकं पीळ बरीच रोखतात, पण वाकड्या स्टँडवर पत्रा रिव्हेट केला तर पीळ कायमचा कोंडला जातो. नंतर तो निघत नाही, आणि विमान एका बाजूला झुकून उडतं. पत्रा लावण्याआधी मुख्य स्पारच्या दोन्ही टोकांना ओळंबे सोडा आणि दोराच्या रेषेपासून मागच्या स्पारपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजा. मधोमध आधार नसेल तर स्पार स्वतःच्या वजनानेही खाली लचकतो, म्हणून टोकाटोकात दोरा ताणून तेही तपासा. ही तपासणी एकदाच करून भागत नाही. स्टँडला धक्का लागला की पुन्हा करा.

तापमानाकडे कुणी फारसं बघत नाही. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे 0.023 मिमी वाढतं. अडीच मीटरचा पत्रा उन्हातून आणून सावलीतल्या सांगाड्यावर बसवला आणि दोघांत 10 अंशांचा फरक असला, तर पत्रा अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्तच लांब असतो. एका टोकाकडून रिव्हेट करत गेलात तर तो सगळा फरक दुसऱ्या टोकाला जमतो. पत्रा आणि सांगाडा काही तास एकाच खोलीत ठेवा, एकाआड एक भोकात क्लेको लावा, आणि रिव्हेट मधून बाहेरच्या दिशेने करा.

रिव्हेट: काय चुकलं, कशामुळे

ठोकण्याआधी रिव्हेटचा बाहेर आलेला भाग त्याच्या जाडीच्या दीडपट हवा. ठोकल्यावर तयार झालेलं डोकं जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच. म्हणजे एडी3 ला साधारण 3.6 मिमी रुंद, 1.2 मिमी उंच. एडी4 ला 4.8 आणि 1.6. रुंदी एडी3 ला 3.1 आणि एडी4 ला 4.1 मिमीच्या खाली गेली तर ते चालत नाही. व्हर्निअरने दर वेळी मोजण्याऐवजी मापाची भोकं असलेली पट्टी बनवून ठेवा.

डोकं एका बाजूला कललं तर बकिंग बार (रिव्हेटच्या मागे धरायचा पोलादी ठोकळा) पत्र्याला समांतर नव्हता, किंवा रिव्हेट लांब होतं. मुळाशी दोन पत्र्यांमध्ये फट दिसली तर क्लेको कमी होते किंवा आत बर राहिली होती. रिव्हेट त्या फटीत फुगलं आहे, ते काढावंच लागतं. बाहेरच्या डोक्याशेजारी चंद्रकोरीसारखी खूण उमटली तर गन तिरकी झाली किंवा ट्रिगर सोडण्याआधी उचलली गेली. पत्रा आत दबला असेल तर बारवर जोर कमी आणि गनवर जास्त होता. जोडीदार बार लावल्यावर ‘हो’ म्हणेपर्यंत ट्रिगरला हात नको, आणि बार काढण्याआधी गन थांबलेली हवी. इतकं पाळलं तरी निम्म्या खुणा टळतात.

हवेचा दाब टाकाऊ तुकड्यावर जमवा. लहान गनवर एडी3 ला साधारण 30 ते 40 पीएसआयपासून (चौरस इंचाला पाउंड) सुरुवात करता येते. रिव्हेट एक-दोन सेकंदांत बसलं पाहिजे. दाब कमी ठेवून दहा सेकंद टकटक करत राहिलात तर रिव्हेट कडक होतं आणि पुढे फुलतच नाही.

आता खराब रिव्हेट काढण्याबद्दल, कारण खरं नुकसान इथे होतं. डोक्याच्या बरोबर मध्यावर खूण करा, डोक्याच्या खोलीइतकंच ड्रिल करा, पंचने डोकं उचकटून काढा, मागून आधार देऊन दांडा हलकेच बाहेर ढकला. आरपार ड्रिल करू नका. भोक मोठं झालंच तर एनएएस1097एडी4 हे रिव्हेट आहे: दांडा एडी4 चा, डोकं जवळपास एडी3 एवढं. किंचित तिरकं पण मापात असलेलं रिव्हेट आहे तसं राहू द्यावं. परिपूर्णतेच्या हट्टापायी चांगली भोकं बिघडवल्याची उदाहरणं तिरक्या रिव्हेटपेक्षा कितीतरी जास्त सापडतील.

टाकी

बऱ्याच किटमध्ये इंधनाची टाकी पंखाच्या पुढच्या कडेतच असते आणि तिथे नियम बदलतात. पॉलिसल्फाइड सीलंट वजनाने मिसळायचा, बहुतेक प्रकारांत 10 भाग मूळ आणि 1 भाग हार्डनर. अंदाजाने किंवा चमच्याने नाही. दशांश ग्रॅम दाखवणारा काटा हवा. काळ्या-पांढऱ्या रेघा संपून एकसारखा करडा रंग येईपर्यंत मिसळा. सीलंटच्या प्रकारावर लिहिलेल्या बी-2 मधला 2 म्हणजे काम करायला मिळणारे तास, पण ते 25 अंशांना. दर साडेपाच अंशांच्या वाढीला ही वेळ साधारण निम्मी होते. गरम दिवशी एकाच वेळी मोठा गोळा मिसळणं म्हणजे अर्धा वाया घालवणं.

सीलंट न चिकटण्याचं कारण जवळपास नेहमी एकच: हाताचं तेल. पृष्ठभाग घासणीने खरबरीत करा, द्रावकाच्या फडक्याने पुसा, आणि ते सुकण्याआधीच दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्या. आपोआप सुकू दिलं तर तेल तिथेच परत बसतं. टाकीच्या आतल्या जोडावर प्रायमर लावू नका. प्रत्येक जोडाला आतून गोलसर कड द्या आणि प्रत्येक रिव्हेटच्या आतल्या डोक्यावर टोपी. हे करताना रिबच्या कोपऱ्यांतल्या छोट्या वाटा बुजल्या तर इंधन आणि हवा कप्प्यांत अडकते. त्या तारेने मोकळ्या ठेवा. मागची भिंत शेवटी बसते आणि मग आतला जोड दिसतच नाही, म्हणून तिथली सीलंटची रेघ कुठेही तुटलेली नको.

गळती तपासताना कंप्रेसर थेट कधीही जोडू नका. 1 पीएसआय म्हणजे पाण्याच्या नळीत फक्त 70 सेंमीचा फरक, पण दीड मीटर लांब आणि 20 सेंमी उंच भिंतीवर तो 210 किलोंचा भार टाकतो. पारदर्शक नळीत पाणी भरून तोच दाबमापक आणि तीच सुरक्षाझडप म्हणून वापरा. दाब वाढला की पाणी बाहेर उडेल, टाकी फुटणार नाही. पातळी हलली म्हणजे गळती, असंही नाही. बंद टाकीतल्या हवेचं तापमान 1 अंशाने बदललं तरी पातळीत सुमारे साडेतीन सेंमीचा फरक पडतो. म्हणून आकडा तापमानासह लिहा आणि साबणाच्या पाण्याचे बुडबुडे शोधा.

गळती सापडली तर बाहेरून थापणं निरुपयोगी आहे, आतूनच गाठावी लागते, प्रसंगी झाकण कापून. टाकीत पातळ द्रव ओतून फिरवण्याचा जुना उपाय टाळा. तो थर पुढे पापुद्र्यांसारखा सुटतो आणि इंधनाची जाळी बुजवतो.

खालचा पत्रा लावण्याआधी

बंद केल्यावर हात पोहोचणार नाही अशा सगळ्या गोष्टी आधी करा: वायरची नळी, पिटोची (हवेतला वेग मोजणारी) नळी, एलरॉनचे (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पात्याचे) दांडे आणि बेलक्रँक (दांड्यांची दिशा बदलणारा सांधा), लँडिंग लाइटची वायर. रिबमध्ये वायरसाठी नवं भोक पाडायचं तर घडीपासून आणि मोठ्या भोकांपासून दूर, आणि त्यात प्लॅस्टिकची बुशी हवीच. बोल्ट टॉर्क रेंचने घट्ट करा: एएन3 मापाच्या बोल्टला 20 ते 25 इंच-पाउंड, एएन4 ला 50 ते 70. स्वतः अडून राहणाऱ्या नटाला फिरवायलाच जो जोर लागतो तो मोजून यात मिळवा, नाहीतर बोल्ट सैलच राहतो. झाल्यावर नटावर रंगाची रेघ ओढा, म्हणजे कोणता राहिला ते दिसतं.

तपासणी करणाऱ्याला याच टप्प्यावर बोलवा. ॲल्युमिनियमचे कण आणि पडलेली रिव्हेट चुंबकाला येत नाहीत, म्हणून व्हॅक्यूम वापरा. मग मोजपट्टी शेजारी धरून प्रत्येक कप्प्याचा फोटो काढा. दोन वर्षांनी नवी वायर टाकताना नळी नेमकी कुठून जाते हे त्यातूनच कळणार आहे.