टायर आधी वेगळे काढा, रंगाचं मग बोलू

जुन्या मोटारीची छोटी प्रतिकृती घरी जोडायचं प्लॅस्टिक किट हातात पडलं की नव्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला: "रंग कुठला देऊ?" अरे बाबा, आधी खोक्यात काय काय आहे ते तरी बघ! साठ वर्षं माळ्यावर पडून राहिलेल्या वस्तूला कसली आलीय घाई?

मी मिशिगनमध्ये ट्रॉय गावाजवळ राहतो. एएमटी या किट बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना एकेकाळी याच गावात होता. 'अ‍ॅल्युमिनम मॉडेल टॉइज' हे तिचं मूळ नाव. १९४८ साली सुरू झाली तेव्हा डीलरांनी शोरूममध्ये ठेवायच्या, गिऱ्हाइकांना द्यायच्या छोट्या गाड्या ती बनवायची. १९५८ पासून तिची 'थ्री इन वन' किटं आली. एकाच खोक्यातून मूळ गाडी करा, सजवलेली करा नाहीतर शर्यतीची. नोकरीसाठी इथे आलो, पहिल्याच हिवाळ्यात एका शाळेच्या जिममध्ये भरलेल्या स्वॅप मीटला, म्हणजे जुन्या किटांच्या बाजाराला गेलो आणि अडकलो. तेव्हापासून टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलोय. लोक त्याच त्या चुका करताना बघून कंटाळा आला, म्हणून हे लिहितोय.

टायर खोक्यात तसेच ठेवणं

ही माझ्या लेखी सगळ्यात मोठी चूक. गंमत म्हणजे ती करायला काहीच करावं लागत नाही. किट आणायचं, कपाटात ठेवायचं, झाली चूक.

किटमधले काळे टायर मऊ पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर घालतात, तेलासारखा पदार्थ. वर्षानुवर्षं तो हळूहळू बाहेर झिरपतो. शेजारी पॉलिस्टायरीन असलं, म्हणजे किटचा बाकी सगळा ऐवज, तर त्यात शिरतो आणि त्याला मऊ करतो. टायर जिथे टेकलेला असेल तिथे प्लॅस्टिक वितळून त्याचा ठसा उमटतो.

माझ्याकडे जो-हॅन या किट कंपनीचं क्रायस्लर टर्बाइन कारचं किट आहे. ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी: क्रायस्लरने १९६३ ते १९६६ या काळात जेट विमानासारखं टर्बाइन इंजिन बसवलेल्या पन्नास गाड्या साध्या कुटुंबांना आळीपाळीने वापरायला दिल्या होत्या. बॉडी इटलीत तुरिनच्या गिया कंपनीने केलेल्या, रंग तांब्यासारखा. प्रयोग संपल्यावर बहुतेक गाड्या कंपनीने मोडून टाकल्या, नऊच वाचल्या. त्यातली एक इथे डिअरबॉर्नला हेन्री फोर्ड म्युझियममध्ये आहे. पाहुणे आले की मी त्यांना नायगाऱ्याच्या आधी तिथे नेतो. बायकोला ते पटत नाही, ते सोडा.

तर ते किट मी एका म्हाताऱ्या गृहस्थाकडून घेतलं. खोका कडक, चित्राचा रंग ताजा, भाग सगळे फांदीला, म्हणजे ज्या प्लॅस्टिकच्या काडीला ते जोडलेले येतात तिला लागलेले. घरी येऊन मोजले, सगळे भरले. मग आनंदाच्या भरात झाकण लावलं आणि चार वर्षं उघडलंच नाही. उघडलं तेव्हा एक टायर पुढच्या काचेवर बसला होता. उचलायला गेलो तर काचही बरोबर उचलली गेली. सोडवला तेव्हा काचेत मधोमध अर्धचंद्र उमटलेला, टायरच्या नक्षीसकट. बोट लावलं तर तिथली काच चिकट, ओल्या गुळासारखी. पॉलिश पेपरने घासून जाईल असला तो डाग नव्हताच, काचेची जाडीच खाल्ली होती. आणि चार वर्षांपूर्वी भाग मोजताना तो टायर मीच स्वतःच्या हाताने काचेवर ठेवला होता! म्हाताऱ्याने बिचाऱ्याने एवढी वर्षं तो कोपऱ्यात पुठ्ठ्याआड ठेवलेला.

मिठाईच्या डब्याचं पारदर्शक झाकण गरम करून त्याची काच करून बघितली. दोनदा. एकदा झाकण पेटता पेटता राहिलं. शेवटी दीड वर्षाने कुणा पोराने कधीकाळी गोंद फासून जोडलेली, चाकं मोडलेली त्याच गाडीची बॉडी एका टेबलाखालच्या टोपलीत मिळाली. काच शाबूत होती, ती काढून घेतली. तेव्हापासून टोपलीतल्या मोडक्या गाड्यांना मी नाक मुरडत नाही.

आता माझी सवय अशी: जुनं किट घरात आलं की चहाच्या आधी टायर काढून छोट्या झिपच्या पिशवीत घालतो आणि पिशवी खोक्याबाहेर, वेगळ्या डब्यात. पिशवीवर किटचं नाव. टायरला तेलकट चकाकी दिसली की समजायचं, झिरपणं सुरू झालंय. जोडलेल्या गाडीतही रिम टायरच्या आतच असतो, म्हणून रिमभोवती मी नळाला गुंडाळतात ती टेफ्लॉन टेप एक वेढा देतो, मग टायर चढवतो. नुसत्या रंगाच्या थरावर भरवसा ठेवू नका, प्लॅस्टिसायझर रंगही मऊ करतो. आणि रंग दिलेल्या लाकडी फळीवर गाडी टायरवर उभी करू नका, चार काळे ठसे कायमचे राहतात.

रंग काढायला दुकानातला थिनर

ही कथा माझ्या भाच्याची, चिंचवडच्या. त्याची परवानगी घेतलीय. म्हणजे "लिही मामा, पण नाव नको" एवढी.

त्याला मी एएमटीची '५७ शेव्हरोले बेल एअर दिली होती. नव्याने काढलेलं किट, जुनं नव्हे, देवाची कृपा. त्याने जुलैत, भर पावसात, खिडकीत बसून ब्रशने इनॅमलचा जाडजूड थर दिला. दोन दिवसांनी वरून सुकला असं वाटलं म्हणून दुसरा. खालचा ओलाच होता, त्यामुळे सगळ्या छतावर सुरकुत्या, दुधावरच्या सायीसारख्या. इथवर काहीच बिघडलं नव्हतं. इनॅमल सुकायला आठवडा लागतो, दमट हवेत आणखी जास्त, आणि चुकलं तर काढता येतं.

पण थांबायचं कुणी? हा हार्डवेअरच्या दुकानात गेला, "रंग काढायला काहीतरी द्या" म्हणाला. दुकानदाराने त्याला कळलं ते दिलं, एनसी थिनर. त्याला काय माहीत रंग दारावरचा की प्लॅस्टिकच्या गाडीवरचा. याने स्टीलच्या पातेल्यात थिनर ओतला, बॉडी बुडवली आणि जेवायला गेला.

रात्री साडेदहाला, म्हणजे माझ्या दुपारी एकला, व्हिडिओ कॉल.

"मामा, छत बसलं."

"बसलं म्हणजे?"

त्याने पातेलं दाखवलं. बेल एअर पोळीसारखी आडवी झालेली, दरवाजाची चौकट आत ओढलेली, तळाशी चिखल. एनसी थिनरमधले द्रावक पॉलिस्टायरीन विरघळवतात. आपण भाग जोडायला जो पातळ सिमेंट, म्हणजे प्लॅस्टिकचा गोंद वापरतो तोही हेच करतो, फक्त थेंबाथेंबाने. यानं अख्खी गाडी सिमेंटमध्ये बुडवली होती.

"आता सरळ करता येईल?"

"ते पातेलं आधी आईच्या स्वयंपाकातून कायमचं बाद कर."

खरं तर त्याच्या घरात, बाथरूमच्या फळीवर, उपाय उभा होता: डेटॉल. साबण नव्हे, तपकिरी अँटिसेप्टिक. इनॅमल आणि अ‍ॅक्रिलिक दोन्ही त्याने सुटतात आणि प्लॅस्टिकला धक्का लागत नाही. झाकणाच्या डब्यात पाणी न घालता, निव्वळ डेटॉलमध्ये भाग एक दिवस बुडवून ठेवायचे, मग हातमोजे घालून जुन्या टूथब्रशने घासायचे. आता नीट वाचा, कारण हमखास घोटाळा इथेच होतो: घासल्यावर लगेच नळाखाली धरायचं नाही. पाणी लागलं की सुटलेला रंग आणि डेटॉल मिळून चिकट राळ होते आणि ती बोनेटच्या प्रत्येक खाचेत जाऊन बसते. आधी स्वच्छ डेटॉलमध्येच खळबळून घ्यायचं, सगळा रंग निघाला की मग साबणाचं पाणी. घरात दोन दिवस दवाखान्याचा वास येतो, त्याची तयारी ठेवा. मी स्वतः इथे फार्मसीतलं ९१ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो, वासामुळे नव्हे, बायकोमुळे.

ब्रेक ऑइलमध्ये बुडवणारेही आहेत. रंग निघतो, पण काही जुनी प्लॅस्टिकं त्याने ठिसूळ होतात. मी ते सोडून दिलं.

पावसाचं निघालंच आहे तर: दमट हवेत लॅकरचा स्प्रे मारला तर रंगावर पांढरट धुकं चढतं. द्रावक भराभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी रंगाच्या थरात अडकतं. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर जून ते सप्टेंबर इंजिन करा, सीटा करा, डॅशबोर्डचे काटे रंगवा. बॉडीला हात लावू नका. माझं ऐकत कुणी नाही, पण सांगायचं काम केलं. आणि लॅकर द्यायचाच असेल तर उघड्या प्लॅस्टिकवर थेट नको, आधी प्रायमरचे पातळ थर. नाहीतर प्लॅस्टिकवर बारीक चिरा पडतात.

खोक्यावरच्या चित्राला भुलणं

हे जमवणाऱ्यांसाठी. खोक्यावर '१९६४' लिहिलंय म्हणजे किट १९६४ चं, असं समजून पैसे मोजणारे मी दर वर्षी बघतो. ते साल गाडीचं असतं. राउंड टू ही कंपनी आज एएमटी आणि एमपीसी या जुन्या कंपन्यांची किटं जुन्याच चित्रांच्या खोक्यात पुन्हा काढते. छान काढते, मी घेतोही. पण ते जुनं म्हणून विकत घेऊ नका. खोका उलटा करा, बाजू वाचा, कंपनीचा पत्ता बघा. बारकोड असेल तर विषयच संपला. दुकानात पहिला बारकोड स्कॅन झाला तो जून १९७४ मध्ये, तोही ट्रॉयमध्येच, फक्त ओहायोतल्या.

मग काही जुन्या किटांना एवढा भाव का? त्या काळी दर वर्षी नवी मॉडेलं आली की त्यांची किटंही यायची. पोलादी साचा फार महाग. खऱ्या गाडीत नुसते दिवे आणि जाळी बदलली असेल तर किटवालेही गेल्या वर्षीचाच साचा कोरून, भरून नव्या वर्षाचा करायचे. एकदा '६४ चा '६५ केला की '६४ पुन्हा निघायचं नाही. म्हणून अशी वार्षिक किटं महाग, आणि '३२ च्या फोर्डसारखी वर्षानुवर्षं पुन्हा निघत राहिलेली स्वस्त. किंमत विचारण्याआधी साचा जिवंत आहे का ते विचारा.

सील न फोडलेल्या खोक्याचं तर लोकांनी देवघर करून ठेवलंय. प्लॅस्टिकचं आवरण गरम हवेने पुन्हा चढवणं अवघड नाही. एका विक्रेत्याकडून मी असा 'कोरा' खोका घेतला होता. आत बोनेट नाही आणि चाकं भलत्याच गाडीची. परत करायला गेलो तर म्हणे, "पण सील तुम्हीच फोडलंत ना?" तेव्हापासून मी उघडा खोका घेतो, तिथेच टेबलावर सूचनापत्रक पसरून भाग मोजतो. मागे रांग लागली तरी मोजतो.

बाकीच्या, थोडक्यात

क्रोमच्या भागांवर सिमेंट धरत नाही. जोडाच्या जागेवरचा क्रोम खरवडा, मग लावा.

काच चिकटवायला सुपरग्लू नको, वाफेने काच धुरकट होते. फेव्हिकॉल लावा, सुकल्यावर दिसत नाही.

भाग फांदीवरून पिरगळून तोडणाऱ्यांशी मी बोलत नाही.

रंगाआधी भाग साबणाने धुवा. साच्याचं तेल असतं त्यावर.

डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून गाडीवर चिकटवायची चित्रं, पिवळे पडले असतील तर पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला आठवडाभर चिकटवा. तडे दिसले तर पाण्यात टाकण्याआधी वरून पारदर्शक क्लियर रंगाचा पातळ थर, नाहीतर वाटीत रांगोळी होईल. हे मला दोनदा शिकावं लागलं.

वाकलेला पॉलिस्टायरीनचा भाग साठ-सत्तर अंशाच्या पाण्यात धरून हळूहळू सरळ होतो, उकळत्या पाण्यात लोळागोळा होतो. पन्नासच्या दशकातले अ‍ॅसिटेट प्लॅस्टिकचे प्रोमो, म्हणजे डीलरांच्या त्या छोट्या गाड्या, मात्र वाकडे तर वाकडे, तसेच राहू द्या.

मोनोग्राम किंवा तामिया कंपनीच्या किटची चाकं एएमटीला लावण्याआधी स्केल, म्हणजे गाडी खऱ्या गाडीच्या कितवा भाग आहे, ते बघा. १/२४ आणि १/२५ कागदावर जवळ वाटतात, चाकाच्या कमानीत नाही.

भाच्याने ती आडवी बेल एअर टाकलेली नाही. छत कापून ओपन गाडी करू का म्हणून विचारत होता. कर म्हटलं, पण आधी दरवाजे सरळ कर, आणि पावसाळा संपू दे. डिसेंबरात जाईन तेव्हा त्याच्यासाठी दुसरी घेऊन जाणार आहे. तिचे टायर पिशवीत घालून मी आत्ताच सूटकेसच्या वेगळ्या कप्प्यात टाकलेत.