सांधे जपताना होणाऱ्या या चुका टाळा

वय वाढले की सांधे झिजणारच, अशी समजूत करून घेऊन अनेक जण गुडघ्यात पहिली कळ येताच चालणे कमी करतात, जिने टाळतात आणि दिवसाचा बराचसा वेळ बसून काढू लागतात. सांध्यांच्या बाबतीत होणाऱ्या सर्व चुकांमध्ये ही चूक मला सर्वांत घातक वाटते, कारण ती सांधे जपण्याच्या हेतूनेच केली जाते. हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून होते, आणि दाबून सोडलेला स्पंज जसा पाणी शोषून घेतो, तसा हा द्रव कूर्चेत खेळता राहण्यासाठी सांध्यावर भार येत राहणे आणि उतरत राहणे आवश्यक असते. हालचाल थांबली की मांडीच्या पुढील भागातील स्नायूही लवकर दुबळे होतात. पाऊल टाकताना गुडघ्याला बसणारा हादरा पेलण्याचे काम मुख्यतः हेच स्नायू करत असल्यामुळे ते क्षीण झाल्यावर सांध्यावरील ताण वाढतो, दुखणे वाढते आणि माणूस आणखी कमी चालू लागतो.

याच्या अगदी उलट चूक म्हणजे बरे वाटणाऱ्या एखाद्या दिवशी आठवड्याभराची साठलेली कामे उरकणे, किंवा सवय नसताना एकदम लांब अंतर चालणे. अशा वेळी किती करावे याचा अंदाज दुसऱ्या दिवशीच्या सकाळवरून घ्यावा. व्यायामाच्या वेळी थोडे दुखले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ते दुखणे नेहमीच्या पातळीवर आले, तर प्रमाण योग्य आहे असे समजावे. सांधा सुजला किंवा दुसऱ्या सकाळी दुखणे वाढलेले असले, तर अंतर किंवा आवर्तने कमी करावीत. व्यायाम मात्र पूर्णपणे सोडू नये. एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळांची भीती जाते.

‘मी रोज चालतो, तेवढे पुरे’ असे म्हणणाऱ्यांचीही थोडी गफलत होते. जागतिक आरोग्य संघटनेने ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाच्या हालचालींसोबत किमान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारे आणि तीन दिवस तोल सांभाळण्यास मदत करणारे व्यायाम सुचवले आहेत. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता सावकाश उठणे आणि तितक्याच सावकाश बसणे, हा घरी करता येणारा उत्तम व्यायाम आहे. त्यात गुडघा दुखत असेल, तर बैठक उशीने उंच करावी किंवा सुरुवातीला हातांचा आधार घ्यावा, आणि ताकद येईल तशी उंची कमी करत जावी.

वजनाकडेही दुर्लक्ष होते. गुडघ्याची झीज झालेल्या स्थूल प्रौढांच्या अभ्यासात १ किलो वजन घटल्यास प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोंनी हलका होत असल्याचे आढळले आहे, त्यामुळे थोडे वजन कमी झाले तरी त्याचा लाभ मोठा असतो. मात्र उपासमार करून वजन उतरवल्यास त्यासोबत स्नायूही घटतात आणि मूळ हेतूच फसतो. म्हणून आहारात पुरेशी प्रथिने असू द्यावीत.

एक्स-रे पाहून धीर सोडणे ही आणखी एक चूक. चित्रात दिसणारी झीज आणि प्रत्यक्षातील दुखणे यांचा मेळ बऱ्याचदा बसत नाही. मोठी झीज असूनही व्यवस्थित चालणारी माणसे असतात. सांध्यातून येणारा कट-कट आवाजही, सोबत दुखणे किंवा सूज नसेल तर, चिंतेचे कारण नाही.

वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने महिनोन्महिने घेणे मात्र खरोखर धोक्याचे आहे. दाहशामक गटातील अनेक गोळ्यांमुळे जठरात व्रण होऊ शकतात, मूत्रपिंडांना इजा पोहोचू शकते आणि हृदयविकाराचा धोका वाढू शकतो. उतारवयात हे धोके अधिक असतात. सांध्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनसारख्या पूरक गोळ्यांवर पैसे खर्च करण्यापूर्वी त्यांच्या उपयोगाचे पुरावे परस्परविरोधी आहेत, हे ध्यानात असू द्यावे.

दोन लहान चुका सहज सुधारता येतात. गुडघ्याखाली उशी घेऊन रात्रभर झोपल्याने तात्पुरते बरे वाटते, परंतु ही सवय लागली की गुडघा पूर्ण सरळ होईनासा होतो. काठीही दुखऱ्या पायाच्या बाजूला न धरता विरुद्ध हातात धरावी, म्हणजे दुखऱ्या बाजूवरील भार खऱ्या अर्थाने कमी होतो.

शेवटची चूक म्हणजे प्रत्येक सांधेदुखी वयाच्या खात्यात टाकणे. झिजेमुळे येणारा सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात सैल होतो; तो तासभर किंवा त्याहून अधिक टिकत असेल आणि हातांचे लहान सांधे दोन्ही बाजूंना सुजत असतील, तर आमवाताची (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे झिजेऐवजी दाहामुळे होणारा सांध्यांचा आजार) शक्यता तपासून घेण्यासाठी डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावू नये, कारण या आजारात लवकर सुरू झालेले उपचार सांध्यांचे नुकसान बरेच रोखू शकतात. एखादा सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, किंवा पडल्यानंतर पायावर भार देता येईनासा झाला, तर त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी आणि तोपर्यंत त्या सांध्याला चोळणे किंवा व्यायाम देणे टाळावे.