प्रापंचिकांसाठी पास्टरल मिनिस्ट्रीची पदव्युत्तर पदवी : निवड, अर्ज आणि पूर्वतयारी

पास्टरल मिनिस्ट्री म्हणजे चर्चमधील लोकांची आध्यात्मिक काळजी घेण्याचे सेवाकार्य, आणि प्रापंचिक म्हणजे धर्मगुरू किंवा धर्मभगिनी न झालेली सामान्य कॅथलिक व्यक्ती. अशा व्यक्तीने विद्यापीठाचा प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी, पदवीनंतर आपल्याला नेमके कोणते काम करायचे आहे, हे एका वाक्यात लिहून काढावे. धर्मग्रामातील (पॅरिशमधील) धर्मशिक्षणाची जबाबदारी सांभाळणे, तरुणांमध्ये काम करणे, प्रौढांना बाप्तिस्म्यासाठी तयार करणे, रुग्णालयात चॅप्लेन (रुग्णांना आध्यात्मिक आधार देणारा सेवक) म्हणून आजाऱ्यांजवळ बसणे किंवा सेमिनरीत (भावी धर्मगुरूंच्या विद्यालयात) शिकवणे ही सारी चर्चचीच सेवा असली, तरी त्यांकडे नेणारे अभ्यासक्रम वेगवेगळे आहेत. चुकीची पदवी निवडल्याचे बहुतेकांच्या लक्षात येते ते दुसऱ्या वर्षी, शुल्क भरून झाल्यावर.

अमेरिकेत, जिथे प्रापंचिकांसाठी असे शिक्षण फार मोठ्या प्रमाणावर उपलब्ध आहे, मुख्यतः दोन पदव्या समोर येतात. पास्टरल मिनिस्ट्रीतील एम. ए. साधारण ३६ ते ४८ क्रेडिटची असून पूर्णवेळ अभ्यास केल्यास ती सुमारे दोन वर्षांत पूर्ण होते. मास्टर ऑफ डिव्हिनिटी ही किमान ७२ क्रेडिटची, साधारण तीन वर्षांची पदवी असून तिच्यात बायबल, सिद्धान्त, नीतिशास्त्र, चर्चचा इतिहास आणि प्रत्यक्ष सेवाकार्य यांचा अभ्यास अधिक खोलवर होतो. नोकरी आणि संसार सांभाळून शिकणाऱ्या धर्मशिक्षकाला पहिली पदवी सहसा पुरेशी ठरते. बोस्टन कॉलेज, ओहायोतील डेटन विद्यापीठ आणि १९६८ साली धर्मसंघांनी एकत्र येऊन उभारलेली शिकागोची कॅथलिक थिऑलॉजिकल युनियन ही या क्षेत्रातील परिचित नावे आहेत. मात्र नावापेक्षा अभ्यासक्रमाची रचना तपासण्यात वेळ घालवलेला बरा.

रुग्णालयाच्या वाटेने जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आधीच हिशेबात धरावी. व्यावसायिक चॅप्लेनच्या प्रमाणपत्रासाठी पदव्युत्तर पदवीबरोबर क्लिनिकल पास्टरल एज्युकेशनची (देखरेखीखाली रुग्णसेवा करत घेतलेल्या प्रशिक्षणाची) चार युनिटे लागतात, आणि एका युनिटमध्ये रुग्णसेवा व मार्गदर्शित चर्चा मिळून किमान ४०० तास भरावे लागतात. याशिवाय कॅथलिक चॅप्लेनला बिशपांचे अधिकृत अनुमोदन आवश्यक असते.

इथेच सर्वांत दुर्लक्षित मुद्दा येतो. १९८३ च्या चर्चच्या कायदेसंहितेतील कलम २२९ प्रापंचिकांना ईशज्ञानाचे (थिऑलॉजीचे) उच्च शिक्षण घेण्याचा आणि पदवी मिळवण्याचा अधिकार देते, परंतु त्या पदवीने चर्चमधील कोणतेही पद आपोआप मिळत नाही. नेमणूक धर्मगुरूंकडून किंवा बिशपांकडूनच होते. त्यामुळे अर्जापूर्वी आपल्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना भेटावे, आणि शक्य झाल्यास धर्मप्रांताच्या (बिशपांच्या अधिकारक्षेत्राच्या) कार्यालयातही चौकशी करावी. या भेटीत पगाराचा विषय काढायला संकोचू नये. चर्चची सेवा करणाऱ्या प्रापंचिकांना आपल्या स्थितीला साजेसे मानधन मिळण्याचा हक्क आहे, असे कलम २३१ स्पष्टपणे सांगते. आपल्याकडे मात्र ‘सेवा’ हा शब्द उच्चारला की मानधनाचे बोलणे अनेकदा तिथेच थांबते. काही धर्मप्रांत शुल्काचा वाटा उचलतात आणि काही विद्यापीठे चर्चमध्ये काम करणाऱ्यांना सवलत देतात, पण विचारल्याशिवाय हे सहसा कळत नाही.

अभ्यासक्रम पारखताना अमेरिकेच्या बिशपांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेची कसोटी उपयोगी पडते. प्रापंचिक सेवकाची घडण मानवी, आध्यात्मिक, बौद्धिक आणि पास्टरल अशा चारही अंगांनी व्हावी, असे तिच्यात म्हटले आहे. बौद्धिक अंगाची सोय सगळीकडे असते. उरलेल्या तिन्हींसाठी विद्यापीठाला थेट प्रश्न विचारावेत : क्षेत्रकार्य किती तासांचे आहे, त्यावर देखरेख कोण करते, विद्यार्थ्याने हाताळलेल्या एखाद्या अवघड प्रसंगावर गटात बसून चर्चा होते का, आध्यात्मिक मार्गदर्शक मिळतो का. ज्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्य म्हणजे आपण आधीच करत असलेल्या कामाचा अहवाल एवढाच अर्थ असेल, तो माझ्या मते टाळावा. आपल्या सवयी दुसऱ्याच्या नजरेखाली येतात त्या देखरेखीतच, आणि त्यासाठीच तर शिकायला जायचे असते.

भारतातून अर्ज करणाऱ्यांसाठी तीन वर्षांची बी. ए. किंवा बी. कॉम. ही पहिली अडचण ठरू शकते, कारण काही विद्यापीठे चार वर्षांची पदवी मागतात. गुणपत्रकांचे मूल्यमापन आधी करून घेतल्यास पुढची धावपळ वाचते. उद्देशपत्रात ‘मला लहानपणापासून देवाची सेवा करायची होती’ असे लिहिण्यापेक्षा, एखाद्या विधवेच्या किंवा व्यसनी तरुणाच्या घरी गेल्यावर आपल्याला कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला, हे त्यांची ओळख उघड न करता लिहावे. पूर्णतः ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

पदवीनंतरच्या मर्यादाही आधीच समजून घ्याव्यात. प्रापंचिकाला विशिष्ट परिस्थितीत चर्चमध्ये उपदेश करण्याची अनुमती मिळू शकते, पण मिस्सातील (चर्चच्या मुख्य उपासनेतील) प्रवचन धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूंच्या खालच्या पायरीचे दीक्षित सेवक) यांच्यासाठीच राखून ठेवलेले आहे. तसेच पापनिवेदन ऐकण्याचा आणि आजाऱ्यांना तैलाभ्यंग (पवित्र तेल लावण्याचा संस्कार) देण्याचा अधिकार फक्त धर्मगुरूंना आहे. मध्यरात्री अत्यवस्थ रुग्णाच्या उशाशी बसलेल्या चॅप्लेनला धर्मगुरूंना बोलावणे कुणाकडून आणि कसे पाठवायचे, हे आधीपासून ठाऊक असावे लागते.

परदेशी जाणे शक्य नसलेल्यांसाठी पुण्यात ज्ञानदीप ही तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकवणारी कॅथलिक संस्था आहे. १८९३ साली श्रीलंकेतील कँडी येथे सुरू झालेली आणि १९५५ मध्ये पुण्यात आलेली ही परंपरा मुख्यतः भावी धर्मगुरूंच्या शिक्षणाची असली, तरी तिथे धर्मभगिनी आणि प्रापंचिकही शिकतात. तिथल्या चर्चमान्य पदव्यांचे गणित निराळे आहे : ईशज्ञानाची पहिली पदवी पाच वर्षांची, आणि तत्त्वज्ञानाची दोन वर्षे आधी झालेली असल्यास तीन वर्षांची. वाणिज्य किंवा अभियांत्रिकी शिकून आलेल्या प्रापंचिकाने त्या दोन वर्षांची तजवीज आधी करावी आणि मगच घरच्यांना पदवीची तारीख सांगावी.